संपलेले कर्म आणि थांबलेले कार्य

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, माकणी येथे तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. अशा धरणावर पाण्याची पातळी मोजणे, दरवाजे उचलणे आणि नदीकाठच्या गावांना सावध करणे ही तीन वेगळी कामे असतात. ती एखाद्या छोट्या संगणकाकडे सोपवायची ठरवली, तर त्यासाठी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे प्रत्येक कामाला ठरल्या मुदतीत प्रतिसाद मिळावा अशा रीतीने कामांची पाळी लावणारी प्रणाली, वापरावी लागेल. या प्रणालीत प्रत्येक काम ‘टास्क’ म्हणून स्वतंत्रपणे चालते, पण प्रोसेसर एकच असेल तर एका क्षणी एकच टास्क चालू असते आणि बाकीची थांबलेली असतात. पातळीने धोक्याची रेषा ओलांडल्याचे मोजणाऱ्या टास्कला कळले, आणि नेमक्या त्याच क्षणी इशारा देणारे टास्क दुसऱ्या कामात गुंतलेले असले, तर काय होईल? घटना घडते आणि सरते. त्या क्षणी जो ऐकत नव्हता त्याच्यावर ती पुढे कोणत्या बळावर परिणाम करणार, हा प्रश्न प्रोग्रामिंगचा आहे तसाच तो भारतीय दर्शनांचाही आहे.

संकेताचा सर्वांत साधा प्रकार असा की, या क्षणी वाट पाहत असलेल्या टास्कला जागे करावे; कोणीच वाट पाहत नसेल तर संकेत विरून जातो. मग इशारा देणारे टास्क आपले काम आटोपून, घडून गेलेल्याच घटनेची वाट पाहत झोपी जाते आणि कदाचित कधीच उठत नाही. या अडचणीवरचा एक उपाय १९६०च्या दशकात डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी सेमाफोरच्या रूपाने दिला. सेमाफोर म्हणजे एक राखून ठेवलेली संख्या. संकेत आला की ती एकाने वाढते आणि संकेत घेणारा आला की एकाने घटते. दुसरा उपाय ‘इव्हेंट फ्लॅग’ हा आहे. प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एकेका घटनेसाठी एकेक बिट राखलेला असतो; घटना घडली की तो शून्याचा एक होतो आणि कोणी तो वाचून पुसेपर्यंत तसाच राहतो. तीन वेळा घडलेली घटना सेमाफोरमध्ये तीनदा मोजली जाते, तर फ्लॅगमध्ये ती एकच खूण होऊन उरते. मात्र दोन्ही उपायांचे मर्म सारखेच आहे: घटना स्वतः परिणाम करत नाही, तिने मागे ठेवलेली टिकाऊ अवस्था तो करते.

नेमक्या याच जागी मीमांसक, म्हणजे वेदातील यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे विचारवंत, अडले होते, आणि त्यांनी दिलेले उत्तर आजही थक्क करणारे आहे. स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने यज्ञ करावा असे वेद सांगतो. पण यज्ञ काही दिवसांत संपतो आणि स्वर्ग मिळायचा तो मरणानंतर. जे कारण नष्ट झाले ते इतक्या दीर्घ काळानंतर कार्य कसे निर्माण करील? जैमिनीच्या सूत्रांवरील शबरस्वामींच्या भाष्यात आणि त्यावर लिहिणाऱ्या कुमारिल भट्टांच्या विवेचनात याचे उत्तर ‘अपूर्व’ या कल्पनेत सापडते. कर्मातून एक अदृश्य सामर्थ्य उत्पन्न होते, कर्म संपल्यावरही ते टिकते आणि फळ देऊनच संपते. कुमारिलांच्या मते हे सामर्थ्य कर्त्याच्या आत्म्यातच राहते, कारण कर्म करणारा आणि फळ भोगणारा एकच असतो.

दर्शपूर्णमास या यज्ञाच्या बाबतीत मीमांसकांनी केलेली मांडणी तर अधिकच सूक्ष्म आहे. या यज्ञात सहा प्रधान याग असतात, तीन पौर्णिमेचे आणि तीन अमावास्येचे. प्रत्येक यागापासून उत्पत्त्यपूर्व निर्माण होते, तीन-तीन यागांच्या अपूर्वांतून दोन समुदायापूर्वे उभी राहतात, आणि ही दोन्ही एकत्र आली म्हणजेच फलापूर्व सिद्ध होते. एकही याग राहिला तर फळ नाही. इव्हेंट फ्लॅगची वाट पाहणाऱ्या टास्कला, ठरवून दिलेले सर्व बिट एक झाल्याशिवाय उठू नकोस, अशी जी अट घालता येते ती हीच आहे. वेगवेगळ्या वेळी घडलेल्या, परस्परांना न भेटलेल्या घटनांनी मिळून एक फळ द्यायचे असेल, तर प्रत्येकीची खूण शेवटची येईपर्यंत कोठेतरी राखावीच लागते, हे मीमांसकांनी यंत्राच्या मदतीवाचून ओळखले होते.

या उत्तरावर नैयायिकांचा व वेदान्त्यांचा आक्षेप प्रसिद्ध आहे. अपूर्व किंवा अदृष्ट हे जड आहे. कोणाला, केव्हा, कोणते फळ द्यायचे हे जडाला कळणार कसे? ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्य जैमिनीचे मत नोंदवून, फळ ईश्वरापासूनच मिळते असा निर्णय देतात, आणि उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमाञ्जली’त अदृष्टाला चेतन अधिष्ठाता हवा या युक्तीचा ईश्वरसिद्धीसाठी उपयोग केला. या वादात कर्नलचे उदाहरण मीमांसकांच्या बाजूने जाईलसे वाटते, कारण तेथे पूर्णतः जड यंत्रणा कोणाच्याही देखरेखीवाचून योग्य टास्कला योग्य क्षणी जागे करते. तरीही त्याने वाद मिटत नाही. कोणत्या बिटाचा अर्थ काय, कोणत्या टास्कने कशाची वाट पाहायची, हे कर्नल ठरवत नाही, ते रचणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. म्हणजे चेतनाची गरज नाहीशी होत नाही, ती फळाच्या क्षणापासून रचनेच्या क्षणाकडे सरकते. येथे मीमांसक म्हणेल की वेद अपौरुषेय आहे, त्यामुळे या रचनेलाही रचणारा नाही. आणि प्रस्तुत उदाहरणाचे बळ या ठिकाणी संपते, कारण लेखकावाचून लिहिला गेलेला प्रोग्रॅम कोणी पाहिलेला नाही.

परंतु खूण टिकवल्याने सगळे साधते असे मानणे ही मोठी चूक ठरेल. रिअल-टाइम या संकल्पनेत वेगापेक्षा मुदतीला महत्त्व आहे: बरोबर उत्तर मुदत टळल्यावर आले तर ते चुकीचेच. गावात पाणी शिरल्यावर वाचलेला फ्लॅग अगदी अचूक असूनही निरुपयोगी असतो. मीमांसकांनाही फळांतील हा भेद ठाऊक होता. पशुप्राप्तीसाठी केलेल्या चित्रायागाचे फळ याच जन्मी मिळेल असा नियम नाही. पण वाळणाऱ्या पिकांसाठी, पावसाच्या इच्छेने केल्या जाणाऱ्या कारीरी इष्टीचे फळ येथेच आणि लवकर मिळायला हवे. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण भागात हा भेद कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पेरणी मोडल्यावर आलेला पाऊस त्या पेरणीचा नसतो. म्हणून प्रोग्रामर प्रतीक्षेलाही मर्यादा घालतो. ‘टाइमआउट’ नावाची ही मर्यादा संपली की टास्क उठते, आणि घटना घडलीच नाही ही बातमी घेऊन पुढचा मार्ग शोधते. कारीरी करूनही पाऊस न पडल्यास नैयायिक कर्म, कर्ता किंवा साधन यांत उणीव शोधतात. तेही न आलेल्या फळापासून काही शिकणेच आहे, मात्र त्याने पीक वाचत नाही.

जेथे खूण पुरत नाही तेथे उरतो तो प्राधान्याचा प्रश्न: चालू असलेले काम कोणत्या हाकेसाठी अर्ध्यावर सोडावे? हा प्रश्न याच तेरणेच्या काठी, माकणीच्या वरच्या बाजूला असलेल्या तेर गावाने संत गोरा कुंभारांच्या कथेत जपला आहे. विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडवत असताना रांगत आलेले मूल पायाखाली आले आणि गोरोबांना ते कळले नाही, असे ही कथा सांगते. वारकरी परंपरा या तल्लीनतेला भक्तीची पराकाष्ठा मानते आणि पुढे मूल परत मिळाल्याचेही सांगते. पण तीच परंपरा मुलाच्या आईचा आक्रोश कथेतून गाळत नाही. तो आक्रोश कथेत आहे म्हणूनच ही कथा खरी वाटते. मूल परत मिळण्यासाठी कृपा लागली, कारण त्या क्षणाची मुदत टळून गेली होती आणि राखून ठेवलेली कोणतीही खूण ती परत आणू शकत नव्हती. अखंड ध्यान आणि हाकेला तत्काळ ओ या दोन धर्मांत वरचा कोणता, याचा निर्णय तेरच्या कथेत भक्ताकडे नाही, देवाकडे आहे. धरणावरील प्रोग्रामरला मात्र तो निर्णय प्रत्येक टास्कपुढे एक आकडा लिहून, पाऊस सुरू होण्याआधीच करावा लागतो.