माळकऱ्याचा उगारलेला हात

माळ गळ्यात पडली की आपण मांस सोडतो, दारू सोडतो, एकादशी धरतो. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पाऊल बाजूला टाकतो. आणि तोच माणूस घरी येऊन पोटच्या पोराच्या मुस्काटात भडकावतो, तेव्हा त्याला माळकरी म्हणावे की नाही? वाचक बंधुभगिनींनो, हा प्रश्न मी दुसऱ्या कुणाला घालीत नाही. तो माझ्यावरच आलेला आहे.

आम्ही पनवेलचे. गेल्या चातुर्मासात एका संध्याकाळी देवळातला हरिपाठ आटोपून मी घरी आलो. सात वर्षांचा मुलगा घरात चेंडू खेळत होता. चेंडू समईला लागला, समई कलंडली आणि तेल ज्ञानेश्वरीवर सांडले. ग्रंथ माझ्या वडिलांच्या हातचा. मी पुढचे काही पाहिले नाही. तीन-चार रट्टे दिले, कान पिरगळला. आई आतून म्हणाली, "अरे, देवळातूनच आलास ना?" मी म्हटले, "ग्रंथाची विटंबना केली त्याने." थोड्या वेळाने ओटीवर पाहतो तो मुलगा धाकट्या बहिणीला मारीत होता, आणि तोंडी शब्द माझेच होते, "पुन्हा करशील? पुन्हा करशील?"

त्या रात्री पाने पुसताना मी तेरावा अध्याय काढून बसलो. अहिंसेचे वर्णन करता करता माउली हातांविषयी बोलू लागतात. असल्या पुरुषाचे हात एरवी स्वस्थ असतात. उचललेच तर जोडण्यासाठी, अभय देण्यासाठी, पडणाऱ्याला सावरण्यासाठी, दुःखिताला हळुवार स्पर्श करण्यासाठी. ज्या ग्रंथात हे सांगितले आहे त्या ग्रंथापायी मी पोर बडवले होते!

आता कुणी म्हणेल, "बुवा, आम्हीही मार खाल्ला, म्हणून तर सरळ झालो." हे मीही वर्षानुवर्षे म्हणत आलो. पण खरे आठवून पाहावे. ज्या चुकीसाठी मार बसला ती चूक आपल्या ध्यानात राहिली, की मारणाऱ्याच्या पावलांचा आवाज? मला तरी पावलांचा आवाज आठवतो. भीतीने पोर लबाडी शिकते, चोरून करायला शिकते. देवाला भिऊन केलेल्या भक्तीला आपण कनिष्ठ मानतो आणि पोराकडून मात्र भीतीचीच अपेक्षा धरतो.

कुणी साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चा दाखला देतील. श्याम पोहायला जाईना म्हणून आईने त्याला शिंपटीने मारले होते, हे खरेच. पण त्या आईपुढे महाराष्ट्राने हात जोडले ते शिंपटीसाठी का? तिच्या दिवसरात्रीच्या मायेत ती शिंपटी बुडून गेली. आपण शिंपटी तेवढी उचलतो आणि माया उद्यावर टाकतो.

दुसरी गोष्ट आमच्याच तालुक्यातली. २०१६ च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने मारले, आपटले. कॅमेऱ्यात ते सारे टिपले गेले आणि देशभर लोकांनी पाहिले. देवळाच्या पारावर आम्हीही त्या बाईला शिव्याशाप दिले. तिचे कृत्य भयंकर होते, त्यात शंका नाही. पण कॅमेरा माझ्या ओटीवर असता तर? दहा महिन्यांचे तान्हे आणि सात वर्षांचा मुलगा यांत फरक आहे, मान्य. पण दोन्हीकडे मोठ्या माणसाचा राग लहान अंगावर उतरला, एवढे तरी नाकारता येत नाही.

आणि हे एकट्या माझ्या घरचे नव्हे. केंद्र सरकारने २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात तीन मुलांपैकी दोघांनी मार सोसलेला निघाला. शाळेतला मार २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंद केला. घरातल्या आईबापांसाठी तितका स्पष्ट कायदा आपल्याकडे नाही. स्वीडन देशाने १९७९ साली जगात प्रथम आईबापांनाही मनाई केली आणि ही गोष्ट लोकांच्या कानी जावी म्हणून चक्क दुधाच्या डब्यांवर छापली! मला ही युक्ती फार आवडली. सकाळी दूध ओततानाच बापाला आठवण.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांची बालशिक्षणाची कामे उभी केली. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला. मारल्यावाचून मूल शिकते, हे त्या दोघींनी दाखवून दिले. कागदावर नव्हे, धूळ-शेंबडाने भरलेल्या खऱ्या पोरांत.

पण 'मारू नये' हे पटले म्हणून हात थांबतो, असे मात्र नाही. मला तर त्याच रात्री पटले होते, आणि आठवड्यात पुन्हा चापट बसली. मग हिने एक शहाणपणाची गोष्ट काढली. म्हणाली, "तुम्ही नेहमी जेवणाआधीच का हो मारता?" हिशेब केला तर खरेच! मी दुकानातून दमून, भुकेला येणार. मुलगा त्याच वेळी अभ्यासाला कंटाळलेला. पोराचा गुन्हा दुपारी घडला असता तर मी हसलो असतो. तेव्हापासून आल्याबरोबर हातपाय धुऊन आधी दोन घास खातो, मग मुलांच्या तक्रारी ऐकतो. अध्यात्माशी याचा काय संबंध, असे हसाल; पण माझे अर्धे मारणे या दोन घासांनी गेले.

उरलेल्या अर्ध्यासाठी भजनी मंडळापुढे उभा राहिलो. माळ आपण चारचौघांदेखत घालतो. मोडताना चारचौघांची लाज वाटते, म्हणून ती टिकते. तसेच सांगून टाकले, "मी पोराला मारतो. आजपासून मारणार नाही. विचारीत जा." दोघे-तिघे हसले. एक म्हातारे विणेकरी मात्र रडले. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आता माझा आवाज चढला की घरातले कुणीही 'विठ्ठल' म्हणते आणि मी उठून अंगणात जातो. धाकटी तर उगाचच 'विठ्ठल विठ्ठल' करून मला बाहेर पिटाळते.

मुलाची क्षमाही मागितली. मोठ्याने लहानाच्या पाया पडू नये म्हणतात. मी पडलो नाही, नुसता जवळ बसून चुकलो म्हणालो. तो म्हणाला, "तेल मी मुद्दाम नव्हतं सांडलं." इतके दिवस त्याला तेवढेच सांगायचे होते.

मध्ये आषाढात एकदा माझा तोल गेला, दंडाला धरून हिसडले. मंडळात जाऊन तेही सांगितले. अजून पूजा आटोपल्यावर त्याच्या कपाळी बुक्का लावायला मी हात उचलला की त्याची मान चटकन खाली जाते. परवाच्या एकादशीला ती थोडी कमी गेली, असे ही म्हणते. मला तेवढे दिसले नाही.