जुन्या हार्डडिस्कमधील अमानत

लॅपटॉपची जागा भरली म्हणून ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क काढून १ टीबीची नवी बसवली, तर तो इसराफ ठरतो का, असे हल्ली विचारले जाते. कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली या आपल्या परिसरात ज्या घरी मुलगा अभियांत्रिकी शिकतो किंवा मुलगी घरबसल्या हिशेबाचे काम करते, तेथे हा प्रश्न केव्हातरी येतोच. उत्तर अवघड नाही. गरज खरी असेल आणि ऐपतीत बसत असेल, तर चालू यंत्र टाकून नवे घेण्यापेक्षा त्याचीच क्षमता वाढवणे हे काटकसरीचेच लक्षण आहे.

मात्र बाहेर काढलेल्या जुन्या डिस्कचे काय करावे, हे कोणी विचारत नाही. ती दुरुस्तीवाल्याच्या खणात राहते, नाहीतर लोखंडी तुकड्यांबरोबर भंगारवाल्याच्या टेम्पोत जाते.

आपण म्हणाल, डिस्क माझी, पैसे मी मोजले. वस्तू आपली हे खरे. पण तिच्यातील सारे आपले आहे का? जरा आठवून पाहा. घरातील निकाहाच्या वेळची स्त्रियांची छायाचित्रे, जी एका बहिणीने विश्वासाने पाठवली. शेजाऱ्याचे आधारकार्ड, जे फॉर्म भरून देण्यासाठी घेतले होते. कोणाच्या वडिलांचा वैद्यकीय अहवाल. आणि लॅपटॉप मशिदीच्या वा जमातीच्या कामाचा असेल, तर बाब फारच नाजूक होते. जकातीसाठी आलेले अर्ज, कोणत्या विधवेने किती मदत मागितली, कोणत्या पती-पत्नीचा वाद समजुतीसाठी आला आणि त्यात कोण काय बोलले, हे सर्व तेथे असते. ज्या माणसाने आयुष्यभर कोणापुढे हात पसरला नाही, त्याने एकदाच, मान खाली घालून दिलेला अर्जही तेथेच असतो.

शरीयतमध्ये यासाठी शब्द आहे, अमानत. अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचवाव्यात, असा आदेश सूरह अन-निसाच्या ५८ व्या आयतीत आहे. अमानत म्हटले की आपल्याला सोने-नाणे आठवते. परंतु अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांतील एका हदीसचा आशय असा की, एखादा माणूस काही सांगून आजूबाजूला वळून पाहतो, तेव्हा त्याचे ते बोलणे ऐकणाऱ्याजवळ अमानत होते. ‘कोणाला सांगू नकोस’ असे तो म्हणत नाही. त्याचे वळून पाहणे पुरेसे असते. फक्त आपल्यालाच पाठवलेली फाइल हेही तसेच वळून पाहणे आहे.

हिजरतचा प्रसंग आपण जाणता. ज्या मक्केत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हत्येचा कट रचला गेला, तेथल्याच लोकांच्या ठेवी त्यांच्याजवळ होत्या. त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. प्राणावर बेतलेल्या स्थलांतरातही शत्रूची ठेव विसरली गेली नाही. आपल्याला तर केवळ एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जायचे असते.

‘पण मी सर्व डिलीट केले होते,’ असे काही जण म्हणतील. डिलीट केल्याने फाइलची केवळ नोंद पुसली जाते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी आणि पाने तशीच राहावीत, तसे ते आहे. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत साध्या सॉफ्टवेअरनेही जुनी माहिती बाहेर येऊ शकते. (वाजमध्ये येथे किरामन कातिबीनची उपमा देण्याचा मोह होतो. तो मी टाळतो. ती नोंद आपल्या हाती नाही, ही आहे.) फिरत्या चकतीच्या डिस्कवर ‘क्विक’ नव्हे, पूर्ण फॉरमॅट करावा, विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये त्याने संपूर्ण भागावर शून्ये लिहिली जातात. डिस्कचे अनेक भाग असतील तर प्रत्येकाचा करावा. एसएसडीसाठी कंपनीचीच पुसण्याची सोय वापरावी. डिस्क बिघडून सुरूच होत नसेल, तर ती उघडून चकती फोडावी. अर्थात हे सारे नव्या डिस्कवरील प्रत उघडून, तपासून झाल्यावरच.

दुरुस्ती करणाऱ्या बांधवांनाही एक सांगणे आहे. एका माणसाने भोकातून घरात डोकावल्याबद्दल प्रेषितांनी (स.) तीव्र नापसंती दर्शवली होती, प्रवेशाची परवानगी घ्यायची ती नजरेसाठीच, असा त्या हदीसचा आशय बुखारीत आहे. लॅपटॉप दुरुस्तीला देणारा आपल्याला यंत्र उघडण्याची परवानगी देतो, फोल्डर उघडण्याची नव्हे. ग्राहकानेही आपली बाजू सांभाळावी. १ टीबीची डिस्क संगणकात ९३१ जीबी दिसते, तेव्हा दुकानदाराने फसवले असे समजू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. माप कमी नाही, मोजणी वेगळी आहे. सूरह अल-हुजुरातच्या १२ व्या आयतीत संशय आणि हेरगिरी या दोन्हींची मनाई एकत्र आली आहे.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या खासगी व घरगुती वापराला लागू नाही. म्हणून घरातल्या डिस्कपुरते आपण मोकळे आहोत, असे मोमिनाला म्हणता येत नाही. हा हुकूकुल इबादचा मामला आहे. ज्याचा हक्क गेला, त्याने माफ करावे लागते. आणि येथे त्या विधवेला आपले कागद कोठे फिरत आहेत, हेही ठाऊक नसते. माफी मागायला कोणाच्या दारी जाल?

मोठ्या डिस्कचा एक तोटा मला अधिक जाणवतो. जागा अपुरी होती तोवर काय ठेवावे, काय काढावे हे ठरवावे लागे. आता सारेच जसेच्या तसे उतरवले जाते, ज्याचे काम दहा वर्षांपूर्वी संपले तो अर्जसुद्धा. जमातीने हिशेबाला आवश्यक तेवढी नोंद ठेवावी आणि बाकीचे नव्या डिस्कवर नेऊच नये.

जुनी डिस्क कपाटात ठेवणारेही पुष्कळ आहेत. आपल्यानंतर ती वारसांच्या हाती जाते आणि ते कुतूहलाने उघडतात. ज्याच्याजवळ वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून न ठेवता दोन रात्री घालवू नयेत, अशी शिकवण आहे. त्या कागदावर एक ओळ डिस्कसाठीही असावी: ती कोठे आहे, तिच्यात कोणाचे काय आहे, आणि ती न उघडता नष्ट करावी की जमातीकडे सोपवावी.