भाषाध्ययन आणि अभय

सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना भगवंतांनी अभयाला प्रथम स्थान दिले आहे. रणांगणावरील वीराला अभय हवे हे सहज समजते. परंतु नवी भाषा शिकणाऱ्या गृहस्थालाही ते तितकेच हवे असते.

जबलपूरच्या सराफ्यातील मराठी घराचेच उदाहरण घ्या. घरात मराठी, दुकानावर हिंदी आणि देवघरात संस्कृत. महाराष्ट्रातून आलेली सूनबाई हिंदी समजू लागली तरी शेजारणीशी बोलत नाही. लोक हसतील ही भीती! त्याच घरात गीतेची पोथी रेशमी वस्त्रात गुंडाळलेली राहते. उच्चार अशुद्ध झाला तर दोष लागेल ही भीती!

येथे ‘चेष्टा’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न, तर संस्कृतात हालचाल, क्रिया. सहाव्या अध्यायात कर्मांतील चेष्टा युक्त असावी असे सांगितले आहे, ते याच शेवटच्या अर्थाने. आपली चेष्टा होईल म्हणून जो चेष्टाच करीत नाही, त्याला विद्या कशी प्राप्त व्हावी?

यावर कोणी आक्षेप घेईल की, महाभाष्यात पतंजलींनी ‘इन्द्रशत्रु’ शब्दाची कथा दिली आहे. यज्ञात त्या शब्दाचा स्वर चुकला, अर्थ उलटला आणि इंद्राला मारण्यासाठी उत्पन्न केलेला वृत्र इंद्राच्याच हातून मेला. मग चूक क्षम्य कशी? याचे उत्तर असे की, ती कथा यज्ञप्रसंगीच्या मंत्रस्वराविषयी आहे, आणि पतंजलींनी ती व्याकरण शिकावे म्हणून सांगितली आहे, मौन धरावे म्हणून नव्हे. विद्येचे चार काल त्यांनीच सांगितले आहेत: ग्रहण, स्वाध्याय, अध्यापन आणि व्यवहार. पहिल्या दोन कालांत झालेली चूक तेथल्या तेथे दुरुस्त होते. जो तेव्हा तोंडच उघडीत नाही, त्याची चूक व्यवहारापर्यंत सोबत जाते.

लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले. ते हिंदीत आणले माधवराव सप्रे यांनी. 1871 मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेल्या या पुरुषाची मातृभाषा मराठी; तरीही 1900 मध्ये पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि समर्थांचा ‘दासबोध’ही हिंदीत नेला. मातृभाषेच्या आश्रयाने ते स्वस्थ बसते, तर हिंदीभाषी साधकांचे केवढे नुकसान झाले असते!

अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, अग्नीला जसा धूर, तसा प्रत्येक आरंभाला दोष असतोच. धुराला भिऊन कोणी चूल पेटविणे सोडीत नाही. फुंकर घातली की ज्वाला निघते. मात्र अभय म्हणजे बेफिकिरी नव्हे. चूक दाखविली असता नम्रतेने सुधारावी. चौथ्या अध्यायातील प्रणिपात आणि परिप्रश्न ते हेच.

म्हणून, वाचकहो, रोज एक श्लोक मोठ्याने म्हणा आणि जाणत्याला ऐकवा. ऐकणाऱ्यानेही सतरावा अध्याय स्मरावा. तेथे वाणीचे तप सांगताना स्वाध्याय आणि दुसऱ्याला न दुखविणारे बोलणे, ही दोन्ही एकाच श्लोकात आली आहेत. पहिले शिकणाऱ्याचे तप, दुसरे शिकविणाऱ्याचे. ज्या घरात दोन्ही घडतील, तेथे पोथीवरचे वस्त्र नित्य सुटेल आणि सूनबाईचे मौनही सुटेल.