नावापुढची नवाबी

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे शहर किताबांच्या सावलीत वाढले. मीर कमरुद्दीन या सरदाराला दिल्लीच्या बादशहांनी निजाम-उल-मुल्क आणि आसफजाह हे किताब दिले. खुलताबादला त्याची कबर आहे. पण त्याला मूळ नावाने ओळखणारे थोडे आणि किताबाने ओळखणारेच फार. पुढे हैदराबादच्या दरबारात किताबांची शिडीच तयार झाली : खान बहादूर, जंग, दौला, मुल्क, उमरा, जाह. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. शिडी मोडली, पण 'नवाब' हा शब्द लग्नपत्रिकेवर आणि दारावरच्या पाटीवर राहून गेला.

आता तर किताब विकत मिळतो. स्कॉटलंडमधील चौरस फूटभर जमिनीचा कागद घेऊन 'लॉर्ड' म्हणवता येते, अशा जाहिराती चालतात. इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर समुद्रातल्या एका जुन्या लष्करी चौथऱ्याला 'सीलँड' नावाचे राज्य म्हणवणारेही किताब विकतात. आपल्याकडे शाल-श्रीफळासह 'मानद डॉक्टरेट' वाटणाऱ्या संस्था आहेत. हे सारे वापरणे कायद्याला चालते काय?

संविधानाचे अठरावे कलम सांगते की, लष्करी आणि विद्याविषयक सन्मान सोडून कोणताही किताब राज्य देणार नाही आणि नागरिकाने परकीय राज्याकडूनही तो स्वीकारू नये. हे बंधन मुख्यतः राज्यावर आहे. भारतरत्न आणि पद्म पुरस्कारांवर वाद झाला तेव्हा १५ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हे सन्मान म्हणजे किताब नव्हेत. मात्र ते नावाच्या मागेपुढे लावू नयेत. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने माजी संस्थानिकांची मान्यता आणि तनखेही संपले. म्हणजे आज राज्याच्या लेखी कोणी महाराज नाही, कोणी नवाब नाही.

पण एखाद्याने हौसेने स्वतःला नवाब म्हणवले, तर केवळ तेवढ्याने तो गुन्हेगार होत नाही. त्या शब्दाच्या जोरावर कुणाला फसवून पैसा, जमीन किंवा सोयरीक मिळवली, तर मात्र भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीची कलमे लागू शकतात. पदवीचे तसे नाही. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार ती देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे.

कायदा इथे थांबतो आणि नीतीचा प्रश्न सुरू होतो. 'बादशहांचा बादशहा' म्हणवून घेणे अल्लाहला सर्वांत नापसंत आहे, असे हदीस सांगते. थोरवी तकव्यावर ठरते, वंशावर नाही, हे सूरह हुजुरातचे सांगणे आपण जुम्म्याच्या खुत्ब्यात ऐकतो आणि घरी येऊन शजरा काढून बसतो.

तरीही स्वतः घेतलेले प्रत्येक नाव खोटेच, असे म्हणता येणार नाही. विणकरांना 'जुलाहा' म्हणून हिणवले जात होते. त्यांनी 'अन्सारी' हे नाव घेतले. मदिनेत पैगंबरांना आसरा देणाऱ्यांचे ते नाव. खाटिकांनी कुरेशी आणि पिंजाऱ्यांनी मन्सुरी म्हणवून घेतले. इतिहासकार म्हणेल, या दाव्यांना कागद कुठे आहे? पण ज्याला लोक रोज शिवी देऊन हाक मारतात, त्याने स्वतःसाठी इज्जतीचे नाव निवडणे आणि ज्याच्याकडे सारे काही आहे त्याने पैसे मोजून 'लॉर्ड' होणे, ही एकाच तागडीत तोलण्याची गोष्ट नव्हे. पहिला म्हणतो, मी तुमच्या बरोबरीचा आहे. दुसरा म्हणतो, मी तुमच्याहून वरचा आहे.

किताब देणारा कोण, हाही प्रश्न आहे. हकीम अजमल खान यांनी इंग्रज सरकारने दिलेला हाजिक-उल-मुल्क हा किताब असहकाराच्या काळात परत केला. लोकांनी त्यांना मसीह-उल-मुल्क म्हटले. जोतीराव फुल्यांना ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या सभेत लोकांनी 'महात्मा' म्हटले. हे किताब ना दरबारातून आले, ना दुकानातून. त्यांची किंमत आधीच कामाने चुकती झाली होती.

खरी कसोटी सोयरीक जुळवताना लागते. बरोबरीसाठी घेतलेले नाव पुढच्या पिढीत दुसऱ्या बिरादरीला दार बंद करण्यासाठी वापरले जाऊ लागले, तर तेही नवाबीच झाले. मराठवाड्यातून उभ्या राहिलेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने आपल्याला आरसा दाखवला, तो हाच. मशिदीत एका सफीत उभे राहणारे आपण मुलीच्या निकाहाची वेळ आली की सय्यद, शेख, पठाण, अन्सारी, बागवान असे वेगळे होतो. 'मुलगा चांगला आहे, पण आपल्यातला नाही,' या वाक्यापुढे किती मुली गप्प बसल्या असतील, याचा हिशेब कुठल्या शजऱ्यात नाही.

नाव कोणते लावावे, हे कायदा आपल्यावर सोडतो. त्या नावाने आपण कुणाला खाली बसवतो आहोत काय, एवढे मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आपले नाव उच्चारताना समोरच्याची मान खाली जात असेल, तर ते बापजाद्यांकडून आलेले असो की बाजारातून, ते न लावलेलेच बरे.