न होणारी अदलाबदल

खेळाडूंच्या अदलाबदलीचे काल्पनिक प्रस्ताव हा क्रीडापत्रकारितेतला एक पक्का रुळलेला प्रकार आहे. अमुक संघाने आपला यष्टिरक्षक सोडावा, तमुक संघाने त्याच्या बदल्यात एक डावखुरा अष्टपैलू आणि वर एक वेगवान गोलंदाज द्यावा, असे विश्लेषक स्टुडिओत बसून सुचवतो. अमेरिकेत बेसबॉलभोवती हा उद्योग जुना आहे. भारतात तो आयपीएलच्या पाठोपाठ आला. २००९ साली श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरकडून मुंबईकडे गेला आणि त्याच्या जागी रॉबिन उथप्पा बंगळूरला आला. तेव्हापासून हंगाम संपला की असे प्रस्ताव सुरू होतात आणि त्यांतले बहुतेक हवेतच विरतात. यातून एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो. न घडलेला प्रस्ताव खोटा म्हणता येत नाही, कारण त्याने काही घडल्याचे सांगितलेले नसते. मग त्यात चुकते ते काय?

शब्दांपासून ज्ञान कसे होते याची चर्चा करताना नैयायिक आणि मीमांसक वाक्याला तीन अटी घालतात: आकांक्षा, सन्निधी आणि योग्यता. शब्दांना एकमेकांची गरज हवी, ते जवळजवळ उच्चारलेले हवेत आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसला पाहिजे. ‘आगीने शिंपतो’ हे त्यांचे ठरलेले उदाहरण. व्याकरण शुद्ध, शब्द जागच्या जागी, पण शिंपण्याचे काम आगीच्या हातचे नाही. वाक्य कानावर पडते, अर्थ मात्र उभा राहत नाही. त्यात योग्यता नसते. बहुतेक काल्पनिक अदलाबदलींचे दुखणे हेच आहे.

संजू सॅमसनचे प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. तो राजस्थान रॉयल्स सोडू इच्छितो अशा बातम्या ऑगस्ट २०२५ मध्ये आल्या आणि चेन्नईने त्याच्या बदल्यात कोण द्यावे याच्या याद्या निघू लागल्या. पुण्याचा ऋतुराज गायकवाड, शिवम दुबे, रवींद्र जडेजा अशी नावे फिरली. गायकवाड हा चेन्नईचा कर्णधार. कर्णधार देऊन यष्टिरक्षक घ्यायचा तर चेन्नईला त्यातून काय मिळणार, याचे उत्तर या चर्चेत फारसे कोणी शोधले नाही. शेवटी १५ नोव्हेंबरला जे जाहीर झाले त्यात सॅमसन १८ कोटींच्या मानधनावर चेन्नईला गेला, जडेजा आणि सॅम करन राजस्थानला. जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले, करनचे २ कोटी ४० लाखांवर कायम राहिले. खरी अडचण तर नावांच्या पलीकडची होती. करन इंग्लंडचा, आणि राजस्थानकडे परदेशी खेळाडूंच्या आठही जागा भरलेल्या. आधी कोणाला तरी मोकळे केल्याशिवाय त्याला घेणेच शक्य नव्हते. नुसती नावांची जोडी जुळवणाऱ्या प्रस्तावाला या नवव्या माणसाच्या हिशेबाशी देणेघेणे नसते. दोन्ही संघांचा होकार, खेळाडूची संमती, मंडळाची मान्यता आणि थैलीत उरलेले पैसे, यांतले एक जरी नसले तरी अदलाबदल होत नाही.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. योग्यता नसणे आणि संभव कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानने अजिंक्य रहाणेला दिल्लीकडे सोडले आणि बदल्यात मयंक मार्कंडे व राहुल तेवतिया हे दोन लेगस्पिनर घेतले. भारतीय कसोटी संघाच्या उपकर्णधारापुढे ही दोन नावे फिकी दिसत होती. पुढच्याच वर्षी, २७ सप्टेंबर २०२० रोजी, शारजात तेवतियाने शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार मारले. हार्दिक पांड्याचे उदाहरण याहून ठळक. गुजरातला २०२२ मध्ये पहिल्याच हंगामात विजेतेपद आणि २०२३ मध्ये अंतिम फेरी मिळवून देणारा कर्णधार नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईकडे परतला, तोही बदल्यात एकही खेळाडू न देता, निव्वळ पैशांवर. महिनाभर आधी कोणी हे सुचवले असते तर त्याची थट्टाच झाली असती. पण त्या व्यवहारात प्रत्येक पक्षाला हवे ते मिळत होते. अनपेक्षित असूनही तो योग्य होता. उलट, दिसायला साधा, बेताचा प्रस्ताव पूर्णपणे अयोग्य असू शकतो, कारण त्यात दुसऱ्या बाजूची इच्छा गृहीतच धरलेली असते. ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ म्हणतात ते हेच.

बोलणारा विश्वासार्ह कधी ठरतो, याचाही विचार न्यायदर्शनात आहे. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायन ज्याला आप्त म्हणतो, त्याने वस्तू स्वतः नीट जाणलेली असते आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असते. तो ऋषीच असला पाहिजे असे नाही. आर्य असो वा म्लेच्छ, लक्षण सर्वांना सारखेच लागू. विश्लेषक या कसोटीवर उतरू शकतो, आणि काही उतरतातही. मात्र त्याचे प्रस्ताव फसले तर त्याला काही गमवावे लागत नाही, म्हणून वस्तू नीट जाणण्याची निकडही त्याला कमी.

ही निकड काय असते ते कुस्तीच्या मैदानात दिसते. पुणे-पौड रस्त्यावरच्या भूगावात डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली आणि पुण्याच्या अभिजित कटकेने साताऱ्याच्या किरण भगतला हरवून गदा मिळवली. तिथे शेवटची जोड कोणाच्या मर्जीवर नसते. गादीचा विजेता आणि मातीचा विजेता समोरासमोर येतात. गावच्या जत्रेतल्या मैदानात मात्र जोड माणसेच लावतात. अमक्याशी तमक्याची लावा, असे पारावर कोणीही म्हणू शकतो. पण मैदानात म्हणायचे तर दोन्ही पोरांना हाताला धरून पुढे आणावे लागते. पंच त्यांना शेजारी उभे करून अंगलट पाहतात, इनामाचा आकडा पुकारतात, आणि एकाच्या वस्तादाने नाही म्हटले की जोड तिथेच मोडते. सुचवणारा तोंडघशी पडतो, तोही सगळ्या गावादेखत.

आणखी एक प्रश्न राहतो, तो नीतीचा. १७८५ साली कांटने वस्तू आणि माणूस यांत भेद केला तो असा, की वस्तूला किंमत असते, म्हणून तिच्या जागी दुसरी सममूल्य वस्तू चालते. माणसाला प्रतिष्ठा असते, त्याला बदली नसते. अदलाबदलीचा प्रत्येक प्रस्ताव हा भेद थोडा तरी पुसतो. बेसबॉलमध्ये तो कायद्यानेच पुसलेला होता. सेंट लुईसकडून बारा हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लडला १९६९ मध्ये न विचारता फिलाडेल्फियाकडे देण्यात आले. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असे त्याने आयुक्तांना लिहिले आणि तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. पुढच्या वर्षी लीगच्या करारात कलम आले: दहा वर्षे खेळलेला आणि त्यातली शेवटची सलग पाच वर्षे एकाच संघात असलेला खेळाडू अदलाबदल नाकारू शकतो.

आयपीएलमध्ये संमती सर्वांनाच आहे, दहा वर्षांची वाट पाहावी लागत नाही. पण ती नकारापुरती. जडेजाने राजस्थानशी करार न वाढवता दुसऱ्या संघाशी स्वतः बोलणी केली, तेव्हा त्याला २०१० च्या संपूर्ण हंगामाची बंदी भोगावी लागली. आपण कुठे खेळावे हे सुचवण्याचा अधिकार खेळाडूला नाही. तो संघांना आहे, आणि कोणतेही कलम न लागणाऱ्या विश्लेषकाला.