शेजारच्या सीटवरून

बाबा १९८६ साली नेरुळला सिडकोच्या घरात राहायला आले, तेव्हा इथे लोकल नव्हती. वाशीलाच रेल्वे पोचली १९९२मध्ये. खाडीपुलावरची बस चुकली की पुढची कधी येईल, याचा नेम नसे. त्या दिवसांत स्कूटर ही चैन नव्हती. दवाखाना, भाजी, मुलांची शाळा, सगळं तिच्यावर चाले. पुढे स्कूटरची मोटार झाली. नवी मुंबई ज्यांनी अशी वसवली, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे किल्ली मागणं म्हणजे त्यांचा घरातला कर्तेपणाच मागणं.

गेल्या पावसाळ्यात, दिवेलागणीला, पाम बीच मार्गावर बाबा उजवीकडे वळले आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला करकचून ब्रेक दाबावा लागला. कुणाला लागलं नाही. ‘‘हल्ली लोक दिव्याचा झोत डोळ्यांतच मारतात,’’ बाबा म्हणाले. ते खोटं नव्हतं. वयानुसार डोळ्याची बाहुली अंधारात पुरेशी मोठी होत नाही, आतलं भिंग धूसर होतं, दिपलेली नजर सावरायला वेळ लागतो. काचबिंदू तर बाजूची नजर नकळत कुरतडतो. मान पूर्ण वळत नाही. सर्दीची साधी गोळीही गुंगी आणते. मधुमेह्याची साखर एकाएकी उतरली, तर चक्कर यायला क्षण पुरतो. उजव्या वळणावर समोरच्याचा वेग, अंतर आणि रस्ता ओलांडणारी माणसं यांचा हिशोब एकाच वेळी करावा लागतो. तो चुकतो तो इथेच.

तरी म्हातारपण म्हणजे बेफिकिरी नव्हे. सुसाट वेग, दारू, कानाला फोन ही दुखणी बहुधा तरुणांची. म्हणूनच आपल्या कायद्यात गाडी चालवायला कमाल वय नाही, हे मला योग्य वाटतं. पंचावन्न ओलांडल्यावर परवान्याचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं आणि त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. बाबांना ते पाच मिनिटांत मिळालं. डॉक्टरांनी नजरही तपासली नाही. शिवाय पंचाहत्तरीनंतर पाच वर्षांत शरीर कुठल्या कुठे जातं. ब्रिटनमध्ये सत्तरीपासून दर तीन वर्षांनी परवाना नवा करावा लागतो. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर स्मरणशक्तीची आणि आकलनाची चाचणी होते. तरी तिथेही २०१९ साली टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची चिमुकली मुलगी गेली. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला होता. ब्रिटनच्या प्रिन्स फिलिप यांनी त्याच वर्षी, ९७व्या वर्षी, परवाना परत केला; तोही अपघातानंतर.

आपल्या घरांत दोनच रीती दिसतात. एक तर कुणी काही बोलत नाही, नाहीतर एके दिवशी किल्ली लपवली जाते. पहिलीत धोका आहे, दुसरीत अपमान. आम्ही पायरीपायरीनं गेलो. आधी बाबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. मग रात्रीची गाडी बंद, पावसातली बंद, सायन-पनवेल महामार्ग बंद. कुठली गोळी घेतल्यावर गाडी चालवायची नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. मुलानं सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. उजवं वळण टाळून थोड्या लांबच्या रस्त्यानं जायची युक्ती मात्र बाबांची स्वतःची.

पण किल्ली सुटायची तर पायाखाली रस्ता हवा. सेक्टरनिहाय आखलेल्या या शहरात दुकानं घराजवळ आहेत. २०२३च्या नोव्हेंबरपासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावते. तिथवर पोचायचं मात्र पदपथांवरून, आणि त्यांवर गाड्या लावलेल्या असतात. सिग्नल इतका लवकर बदलतो की गुडघे दुखणारा माणूस दुभाजकावरच अडकतो. अशा शहरात म्हातारा माणूस गाडीला चिकटून राहिला, तर तो हट्टी कसा? पदपथ मोकळे ठेवणं आणि सिग्नलला दहा सेकंद वाढवून देणं, हीसुद्धा रस्ता सुरक्षाच आहे. महापालिकेनं ती तशी मोजावी.

या दिवाळीत घरी जाल, तेव्हा वडिलांना ‘आता गाडी सोडा’ म्हणू नका. त्यांच्या शेजारच्या सीटवर बसा, वीस मिनिटं मुकाट्यानं फिरून या. वळणं पाहा, आरसे पाहा, त्यांचा हात पाहा. बोलायचं ते नंतर.