देहाचे वय

माणसाचे वय जन्मतारखेवरून मोजावे की देहावरून? आमच्या खाप्यात हा प्रश्न कोणी शास्त्र म्हणून विचारीत नाही. पण तो रोज डोळ्यांपुढे असतो. कन्हानकाठचे हे गाव जुने विणकरांचे. जन्मभर मागावर बसलेला पन्नाशीचा विणकर आणि त्याच वर्षी जन्मलेला शिक्षक शेजारी बसले, तर त्यांना समवयस्क म्हणायला जीभ धजत नाही.

आता शास्त्रही हेच म्हणू लागले आहे. २०१३ साली स्टीव्ह होर्वाथ यांनी पेशींतील डीएनएवरच्या ३५३ जागा निवडल्या. तेथे चिकटणारे मिथिल नावाचे सूक्ष्म रासायनिक गट वयाबरोबर कमीअधिक होतात. त्यांवरून त्यांनी वय सांगितले. निम्मे अंदाज ३.६ वर्षांच्या आत आले. २०१८ साली आलेल्या दुसऱ्या एका मापाला रक्ताच्या नऊ चाचण्यांचा आधार होता. किती जगलास यापेक्षा किती झिजलास, हे त्याला हवे होते.

मापावर विसंबताना मात्र सावध असावे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण चरबी युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! एका लोकांवर बेतलेले माप दुसऱ्यांना फसवू शकते.

पण समजा, माप बिनचूक झाले. मग? महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन निराधार माणसाला ६५ व्या वर्षी मिळते. “नागपूर मुंबईले जोडलं, तवा मी मायच्या कडेवर होती,” असे सांगणाऱ्या म्हातारीजवळ जन्माचा दाखला नसतो. तिला सरकारी डॉक्टरचा वयाचा दाखला चालतो. देहावरून वय वाचण्याची रीत कचेरीत अशी आधीपासूनच आहे.

मग ज्याचा देह पंचावन्नाव्या वर्षीच पासष्टीला पोचला, त्याला तेव्हाच वेतन का देऊ नये? न्यायबुद्धी म्हणते, द्यावे. परंतु तोच आकडा मालकाच्या हाती पडला, तर तो म्हणेल, “तू म्हातारा झालास, उद्यापासून येऊ नकोस.” जन्मतारीख आंधळी खरी, पण त्या आंधळेपणाचा गरिबाला थोडा आडोसा आहे. म्हणून मला वाटते, देहाचे वय माणसाला काही देण्यासाठी वापरावे, त्याच्याकडून काही काढून घेण्यासाठी कधीही नाही.

सुखवस्तू माणूस हा आकडा पाहून विचारतो, “मी पुन्हा तरुण कसा होईन?” विणकराने तो पाहिला, तर त्याचा प्रश्न निराळा असेल: माझी दहा वर्षे गेली कोठे? उत्तर फार लांब नाही. ती कोणाच्या तरी अंगावर वस्त्र होऊन मिरवत आहेत.